चाल्कोनची रिंग बंद करताना पडणारे प्रश्न: फ्लेव्होन, ऑरोन, फ्लेव्होनॉल आणि मधला सगळा गोंधळ

एमएस्सीच्या प्रोजेक्टला ज्यांनी ऑरगॅनिक घेतलंय त्यातल्या निम्म्या लोकांच्या वाट्याला कधी ना कधी चाल्कोन येतंच. स्वस्त आहे, दोन दिवसात बनतं, पिवळंधमक दिसतं म्हणून गाइडही खूश. पुढे "आता याची रिंग क्लोज करा" म्हटलं की मग फोन सुरू होतात. तेच तेच प्रश्न दरवर्षी येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

आधी सांगा, चाल्कोन म्हणजे नेमकं काय आणि त्यात रिंग बनते कुठे?

ऑर्थो-हायड्रॉक्सी ॲसिटोफेनोन आणि बेंझाल्डिहाइड इथेनॉलमध्ये अल्कली टाकून रात्रभर फिरवत ठेवलं की सकाळी जे लाल-केशरी घट्ट होऊन बसतं, ते बर्फावर ओतून ॲसिड केलं की पिवळं पडतं, ते २'-हायड्रॉक्सीचाल्कोन. क्लेझन-श्मिट कंडेन्सेशन, पुस्तकात आहेच. चाल्कोन हे नाव ग्रीकमधल्या तांब्याच्या शब्दावरून आलंय, कोस्टानेकीच्या ग्रुपने दिलेलं, एकोणिसावं शतक संपता संपता.

आता याच्याकडे नीट बघा. दोन बेंझिन रिंग, मध्ये तीन कार्बनचा पूल, पुलावर एक कार्बोनिल (C=O) आणि एक डबल बॉंड. आणि कार्बोनिलच्या शेजारीच एक ओएच बसलाय. हा ओएच पुलावरच्या डबल बॉंडवर जाऊन बसला की रिंग झाली, बस. दूरच्या म्हणजे बीटा कार्बनवर बसला तर सहा सदस्यांची रिंग, जवळच्या म्हणजे अल्फा कार्बनवर बसला तर पाचची. सहाची म्हणजे फ्लेव्हॅनोन-फ्लेव्होनचं घराणं, पाचची म्हणजे ऑरोन.

रिंग बंद होणं म्हणजेच ऑक्सिडेशन ना?

नाही! आणि सगळा घोळ इथेच होतो, म्हणून यावर जरा जास्त बोलतो.

या चाल्कोनचं वजन (रेणूवजन) २२४. ओएच नुसता बीटा कार्बनवर जाऊन बसला तर फ्लेव्हॅनोन मिळतं, त्याचंही वजन २२४. म्हणजे काहीच गेलं नाही, काहीच आलं नाही, अणू जागा बदलून बसले एवढंच. याला ऑक्सिडेशन म्हणत नाहीत, हे आयसोमेरायझेशन. ॲसिडनेही होतं, सौम्य बेसनेही होतं, आणि उलटही फिरतं. स्ट्राँग अल्कलीत तर फ्लेव्हॅनोन परत उघडून चाल्कोनचा फिनोलेट (ओएचचा प्रोटॉन गेलेलं रूप) होतो, म्हणूनच चाल्कोन बनवताना अल्कली भरपूर असते तेव्हा आपल्याला चाल्कोन हाती लागतं.

फ्लेव्होनचं वजन २२२. दोन हायड्रोजन कमी. हे दोन हायड्रोजन, म्हणजे हिशोबाने दोन इलेक्ट्रॉन, कोणीतरी घेऊन जावे लागतात. तो जो घेऊन जातो तो ऑक्सिडंट. रिंग बंद करणं हे एक काम आणि दोन इलेक्ट्रॉन काढणं हे दुसरं काम, दोन्ही एकाच फ्लास्कमध्ये होतात म्हणून आपल्याला एकच वाटतं. वहीत दोन वेगळ्या ओळी लिहा: रिंग कोणी बंद केली, इलेक्ट्रॉन कोणी नेले. माझ्याकडे कोणी अडलेली रिॲक्शन घेऊन आलं की मी हे दोनच प्रश्न विचारतो आणि बऱ्याचदा दुसऱ्याचं उत्तर देताना समोरचा थांबतो.

मग एकाच चाल्कोनपासून इतकी वेगवेगळी प्रॉडक्ट कशी काय येतात?

कारण ऑक्सिडंट नुसता इलेक्ट्रॉन नेत नाही, जाता जाता ओएचने कुठे बसायचं तेही ठरवून जातो. आयोडीन आणि डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) घ्या, फ्लेव्होन. अल्कलाइन हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या, फ्लेव्होनॉल (फ्लेव्होनवर आणखी एक ओएच). पिरिडिनमध्ये मर्क्युरिक ॲसिटेट घ्या, ऑरोन. थॅलियम नायट्रेट मिथेनॉलमध्ये घ्या, तर एक अख्खी बेंझिन रिंग शेजारच्या कार्बनवर उडी मारते आणि पुढे ॲसिडने रिंग बंद केली की आयसोफ्लेव्होन. (थॅलियम घेऊ नका. उदाहरण म्हणून सांगितलं. भयंकर विषारी आहे.)

निसर्गात पण हेच चाललेलं असतं. आपला पळस घ्या. रंगपंचमीला फुलं उकळून जो केशरी रंग काढतात त्यात ब्युटीन नावाचं चाल्कोन आणि आयसोब्युट्रिन हे चाल्कोनचं ग्लुकोसाइड आहे, त्याचंच रिंग बंद झालेलं भावंड ब्युट्रिन आहे, आणि सल्फ्युरेटिन नावाच्या ऑरोनची ग्लुकोसाइडं पण आहेत. एकाच फुलात उघडी, सहाची आणि पाचची, तिन्ही रिंगांची माणसं नांदतायत. त्या पाण्यात चिमूटभर चुना टाकला तर रंग गडद होतो, ते चाल्कोनच्या फिनोलेटमुळे. प्रिम्युला नावाच्या थंड हवेतल्या झाडाच्या पानांवर पांढरी पावडर येते, ती तर बव्हंशी साधं, काहीही न लागलेलं फ्लेव्होनच असतं. आणि लातूरकडचं सोयाबीन? त्यात आयसोफ्लेव्होन, म्हणजे ती उडी मारणारी रिंग, फक्त तिथे थॅलियमचं काम सायटोक्रोम पी-४५० जातीचं एन्झाइम करतं.

आयोडीन-डीएमएसओ मध्ये आयोडीन तर चिमूटभरच टाकतो, मग ऑक्सिडंट कोण?

डीएमएसओ. हे अजून कित्येक जणांना पटत नाही कारण आपण त्याला सॉल्व्हंट म्हणूनच ओळखतो, पण स्वर्न ऑक्सिडेशन (अल्कोहोलचं अल्डिहाइड-कीटोन करायची पद्धत) आठवा, तिथेही हेच पात्र आहे.

होतं असं, की आयोडीन दोन हायड्रोजन उचलून स्वतः हायड्रोजन आयोडाइड होतं. तिथेच थांबलं असतं तर आयोडीन पूर्ण एक इक्विव्हॅलंट, म्हणजे चाल्कोनइतकेच मोल, लागलं असतं. पण गरम डीएमएसओ त्या हायड्रोजन आयोडाइडला परत आयोडीन करतो आणि स्वतःचा ऑक्सिजन देऊन डायमिथाइल सल्फाइड होतो, बाजूला पाण्याचा एक रेणू. आयोडीन म्हणजे नुसता पोस्टमन, माल शेवटी डीएमएसओच्या घरी जातो. म्हणून १० मोल टक्के किंवा त्याहून कमी आयोडीनवर भागतं.

आत नेमकं आधी काय होतं यावर दोन मतं आहेत. एक, आधी फ्लेव्हॅनोन बनतं मग अल्फा जागी आयोडीन लागतं आणि हायड्रोजन आयोडाइड बाहेर पडतं. दुसरं, आयोडीन सरळ डबल बॉंडवर बसतं आणि ओएच मागून येऊन रिंग बंद करतो. परीक्षेत कुठलंही एक नीट काढलंत तर मार्क मिळतात, बेंचवर दोन्हीचा शेवट सारखाच.

प्रोसिजर थोडक्यात सांगा ना

२.२४ ग्रॅम चाल्कोन म्हणजे १० मिलिमोल. त्यात २०-२५ मिली डीएमएसओ, आयोडीन पाव ग्रॅम किंवा थोडं कमी, ऑइल बाथ १३०-१४० डिग्री, वर कंडेन्सर उघडा ठेवून. टीएलसी (पातळ थराची क्रोमॅटोग्राफी) बघत राहायचं, साधारण दोनेक तासात पिवळा स्पॉट जातो. मग गार करून बर्फाच्या पाण्यावर ओतायचं, तपकिरी रंग जाईपर्यंत सोडियम थायोसल्फेटचं पाणी, फिल्टर, भरपूर पाण्याने धुवायचं नाहीतर डीएमएसओ चिकटून राहतो, मग इथेनॉल-पाण्यातून रिक्रिस्टलाइज. मेल्टिंग ९६-९७ च्या आसपास यायला पाहिजे. जास्तीत जास्त २.२२ ग्रॅम मिळू शकतं, त्यामुळे कोणी २.३ ग्रॅम आणलं तर ते यील्ड नाही, ओलं आहे.

आता वासाचं. डायमिथाइल सल्फाइड ३७ डिग्रीलाच उकळतं, म्हणजे जे बनेल ते सगळं कंडेन्सरवरून निघून जाणार, आणि वास अगदी कोबी उकडून सडवल्यासारखा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा हूड (वाफा ओढून घेणारं कपाट) बंद पडलेला होता, मी म्हटलं दोनच ग्रॅम आहे काय होतंय, आणि अर्ध्या तासात खालच्या मजल्यावरून लोक वर आले गॅस लीक झालाय म्हणून. तेव्हापासून कंडेन्सरच्या तोंडाला ट्यूब लावून ती ब्लीचच्या पाण्यात सोडतो, मध्ये एक रिकामी बाटली ठेवून, म्हणजे गार होताना ब्लीच मागे ओढलं जात नाही. ब्लीच त्या सल्फाइडचं परत सल्फॉक्साइड, सल्फोन करून टाकतं, वास मरतो.

तापमान अजून वाढवलं तर लवकर होईल का?

नका वाढवू. डीएमएसओ १८९ डिग्रीला उकळतो आणि त्याच्या आसपास तो स्वतःच फुटायला लागतो, पण ॲसिड किंवा हॅलाइड सोबत असेल तर हे फुटणं बरंच खाली सुरू होऊ शकतं आणि एकदा सुरू झालं की स्वतःची उष्णता स्वतःच वाढवत जातं. आपल्या फ्लास्कमध्ये तर दोन्ही आहेत. डीएमएसओचे स्फोट इंडस्ट्रीत झालेले आहेत. सील्ड ट्यूबमध्ये करायचं नाही, घरगुती मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबातच नाही, आणि दोन ग्रॅमचं वीस ग्रॅम करायचं असेल तर आधी ज्याला प्रोसेस सेफ्टी कळते अशा माणसाशी बोला.

पेरॉक्साइडवाली रिॲक्शन, म्हणजे अल्गार-फ्लिन-ओयामादा, तिथे फ्लेव्होनवर न थांबता फ्लेव्होनॉल का होतं?

हा माझा आवडता प्रश्न आहे कारण इथे इलेक्ट्रॉनचा हिशोब मांडला की सगळं सुटतं.

१९३४ मध्ये आयर्लंडमध्ये अल्गार आणि फ्लिन यांनी आणि तिकडे जपानमध्ये ओयामादाने वेगवेगळं काम करून हीच गोष्ट छापली, म्हणून तीन नावं. चाल्कोनला अल्कोहोलमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड आणि थंडीत ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड द्यायचं, नंतर ॲसिड करायचं. फ्लेव्होनॉलचं वजन २३८. चाल्कोनमधून दोन हायड्रोजन गेले आणि वर एक ऑक्सिजन आला, म्हणजे एकूण चार इलेक्ट्रॉनचं ऑक्सिडेशन. एक पेरॉक्साइड दोनच इलेक्ट्रॉन घेतं. म्हणून कमीत कमी दोन इक्विव्हॅलंट पेरॉक्साइड लागणारच, त्यात वाद नाही.

पहिलं पेरॉक्साइड ऑक्सिजन देतं आणि रिंग बंद होऊन डायहायड्रोफ्लेव्होनॉल बनतं, वजन २४०. दुसरं पेरॉक्साइड त्यातले दोन हायड्रोजन काढतं, मग फ्लेव्होनॉल. आता मला सांगा, पेरॉक्साइडची बाटली दोन वर्षं जुनी असेल, अर्धं फुटून पाणी झालेलं असेल तर काय होईल? मधलं डायहायड्रोफ्लेव्होनॉल शिल्लक राहणार. मास स्पेक्ट्रममध्ये २४० दिसतं आणि पोरं म्हणतात "सर काहीतरी इम्प्युरिटी आहे". इम्प्युरिटी नाही बाबांनो, अर्ध्या वाटेवर थांबलेला प्रवासी आहे. १० मिलिमोलला ताजं ३० टक्केवालं पेरॉक्साइड हिशोबाने २ मिलीच्या थोडं वर लागतं, आपण ४-५ मिली टाकतो ते याचसाठी.

पहिल्या टप्प्यात इपॉक्साइड (ऑक्सिजनवाली तीन सदस्यांची रिंग) बनतं की नाही यावर जुने लोक बरेच भांडलेत. एक गोष्ट मात्र बेंचवर हमखास दिसते: कार्बोनिलच्या दुसऱ्या बाजूलाही, म्हणजे ६' जागी, मिथॉक्सी असेल तर फ्लेव्होनॉलऐवजी ऑरोन यायला लागतं. गर्दीमुळे ओएच जवळच्या कार्बनवर बसतो.

झाडांमध्ये पण हे दोन टप्पे असेच्या असे वेगळे आहेत. कांद्याच्या सुक्या सालीत जे क्वेर्सेटिन असतं ते फ्लेव्होनॉल आहे. आधी चाल्कोन आयसोमरेज नावाचं एन्झाइम रिंग बंद करतं (आपोआप होण्यापेक्षा कोटीपटीने वेगात), मग एक लोहवालं एन्झाइम ओएच लावून डायहायड्रोफ्लेव्होनॉल करतं, मग दुसरं लोहवालं एन्झाइम दोन हायड्रोजन काढतं. लासलगावच्या कांद्याला आपल्यासारखी घाई नसते, तो एकेक काम वेगळं करतो.

फ्लेव्होनॉल झालं की नाही पटकन कसं ओळखायचं?

टीएलसी प्लेट ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्याखाली धरा. साधं ३-हायड्रॉक्सीफ्लेव्होन हिरवट-पिवळं चमकतं. प्रकाश लागल्यावर ओएचचा प्रोटॉन शेजारच्या कार्बोनिलवर उडी मारतो म्हणून तो रंग. पहिल्यांदा बघताना मजा येते, दिवाळीच वाटते.

ऑरोन आणि फ्लेव्होन दोघांचं वजन २२२, मग कळणार कसं?

नुसत्या मासवर नाहीच कळणार, त्यामुळे "मास मॅच झाला" म्हणून पेढे वाटू नका. एनएमआर काढा.

प्रोटॉन एनएमआरमध्ये (आकडे पीपीएममध्ये) चाल्कोनचा ओएच १२.८ च्या आसपास एकटाच लांब उभा असतो, आणि डबल बॉंडचे दोन प्रोटॉन साडेपंधरा हर्ट्झने जोडलेले. रिंग बंद झाली की तो १२.८ चा सिग्नल गायब, हे पहिलं बघायचं. फ्लेव्हॅनोन असेल तर ५.५ जवळ एक डबल डब्लेट आणि २.९ व ३.१ जवळ दोन, हे तीन मिळून ओळखीचं चित्र आहे. फ्लेव्होनमध्ये ६.८ ला एक सिंगलेट. ऑरोनमध्ये पण ६.९ ला एक सिंगलेट! इथे माणसं फसतात. म्हणून कार्बन एनएमआर घ्या: फ्लेव्होनचं कार्बोनिल १७८ ला, ऑरोनचं १८४-१८५ ला, फ्लेव्हॅनोनचं १९२ ला. फ्लेव्होनॉलचं १७३. हे चार आकडे हूडच्या काचेवर मार्करने लिहून ठेवा.

कार्बन एनएमआर मिळेपर्यंत दोन महिन्यांची रांग आहे, असं असेल तर फेरिक क्लोराइड तरी करा. चाल्कोन रंग देतं, फ्लेव्होन आणि ऑरोन देत नाहीत, फ्लेव्होनॉल देतं. शिनोडा टेस्टवर (मॅग्नेशियम आणि ॲसिड टाकून रंग बघायची) एकट्यावर फार विसंबू नका.

ऑरोनसाठी मर्क्युरिक ॲसिटेट वापरू का?

चालतं छान, पिरिडिनमध्ये गरम केलं की ऑरोन पडतं. एरवी ओएच अल्फा कार्बनवर जायला तयारच नसतो, कारण कार्बोनिलमुळे बीटा कार्बन भुकेला असतो, अल्फा नाही. पारा डबल बॉंडला पकडून हा स्वभाव बदलतो आणि पाचची रिंग बाहेरच्या बाजूने बंद होते, रिंग बंद होण्याचे नियम मांडणाऱ्या बाल्डविनच्या भाषेत ५-एक्सो-ट्रिग, आणि अशा रिंगला त्याच्या १९७६ च्या नियमांची हरकत नाही. पण पारा तो पाराच. वेस्ट कुठे टाकणार याचं उत्तर आधी द्या, मग करा. कॉपर ब्रोमाइडवाल्या पद्धती आहेत, आणि ऑरोनच हवं असेल तर बेंझोफ्युरॅनोन घेऊन त्यावर सरळ अल्डिहाइड कंडेन्स करा, ऑक्सिडेशनची भानगडच नाही.

ऑक्सिडंट अजिबात न वापरता फ्लेव्होन होतं का?

होतं, आणि ही गोष्ट आपल्याला ठाऊक असायलाच पाहिजे: बेकर-व्यंकटरामन. हायड्रॉक्सी ॲसिटोफेनोनचा बेंझॉइल एस्टर करायचा, बेसने त्यातला बेंझॉइल ग्रुप ऑक्सिजनवरून कार्बनवर सरकतो, डायकीटोन मिळतं, ॲसिडने पाणी काढलं की फ्लेव्होन. इलेक्ट्रॉन कोणी नेले? कोणीच नाही, कारण बेंझाल्डिहाइडऐवजी बेंझॉइल क्लोराइड वापरलं, म्हणजे ऑक्सिडेशन आधीच बाटलीत करून आलेलं होतं.

के. व्यंकटरामन यांनी हे काम लाहोरला असताना केलं, १९३०च्या दशकात. पुढे ते माटुंग्याच्या यूडीसीटीचे (मुंबई विद्यापीठाचा केमिकल टेक्नॉलॉजी विभाग), म्हणजे आताच्या आयसीटीचे, प्रमुख झाले आणि १९५७ मध्ये पुण्याच्या एनसीएलचे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) पहिले भारतीय संचालक. आणि गंमत म्हणजे १९३५ मध्ये त्यांच्याच ग्रुपने चाल्कोन आणि फ्लेव्हॅनोनचं फ्लेव्होन करायला सेलेनियम डायऑक्साइड वापरून दाखवलं होतं, म्हणजे बिगर-ऑक्सिडंट आणि ऑक्सिडंट दोन्ही वाटा एकाच घरातून गेल्या. सेलेनियमची वाट मात्र आता सोडलेलीच बरी, विषारी आहे आणि अंगात गेलं तर श्वासाला लसणासारखा वास येतो.

डीडीक्यू का नको?

डीडीक्यू म्हणजे हायड्रोजन काढून घेणारा एक क्विनोन. नको असं नाही, फ्लेव्हॅनोनचं फ्लेव्होन करायला बरं आहे, डायऑक्सेनमध्ये रिफ्लक्स. महाग आहे, पूर्ण इक्विव्हॅलंट लागतं, आणि पाणी लागलं की हळूहळू हायड्रोजन सायनाइड सोडतं, म्हणून उरलेलं बेसिनमध्ये ओतायचं नाही.

माझं फ्लेव्होन पिवळंच येतंय, काय चुकलं?

शुद्ध साधं फ्लेव्होन पांढरं असतं. पिवळं आलं तर तीन शक्यता. पहिली, चाल्कोन उरलंय: टीएलसीवर ८:२ हेक्झेन-इथाइल ॲसिटेटमध्ये सगळ्यात वर पळणारा पिवळा स्पॉट तोच, आतल्या आत हायड्रोजन बॉंड असल्याने सिलिकाला चिकटत नाही. दुसरी, आयोडीन उरलंय: थायोसल्फेट परत एकदा. तिसरी, थोडं ऑरोन झालंय, ते पिवळंच असतं आणि नुसत्या रिक्रिस्टलायझेशनने पटकन जात नाही, कॉलम करावा लागतो. चाल्कोन उरलं असेल तर कॉलमची गरज नाही, घन पदार्थ गार, पातळ सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर थोडं अल्कोहोल घालून हलवा, चाल्कोनचा फिनोलेट केशरी होऊन वरच्या पाण्यात जातो. दोन-तीनदा करा, पाणी केशरी यायचं थांबलं की फिल्टर.